जागल्यासाठी पितळी होल्डर : घरच्या पिक-अँड-प्लेस मशीनच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२४

दिवाळीचे पाहुणे गेले आणि पत्र्याची खोली पुन्हा माझ्या ताब्यात आली. म्हणजे अर्धीच. उरलेल्या अर्ध्या भागात पहिल्या दोन वेच्यांचा कापूस येऊन पडलाय. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ आहे आणि दारावर येणारा व्यापारी तेवढा द्यायला तयार नाही, म्हणून बाबांनी तो थांबवलाय. कापूस आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच छताखाली. याचा त्रास पुढे होणार हे दिसतंय, पण कापसाला दुसरी जागा नाही आणि मलाही नाही.

नोंदवही पुन्हा उघडायचं कारण जागल्या. शेतात डुक्कर किंवा रोही शिरला की भोंगा वाजवून दिवा लावणारा डबा. चाळीस डब्यांची मागणी आहे, हरभरा घाट्यावर येण्याआधी हवेत. एका बोर्डावर ३४ नग, बहुतेक ०८०५ मापाचे, म्हणजे २ मिमी लांब आणि सव्वा मिमी रुंद. मागच्या वर्षी बारा बोर्ड चिमट्याने भरले आणि मान धरली. तेव्हापासून हे मशीन जोडतोय. रीळाच्या पट्टीतला नग हवेच्या ओढीने उचलायचा, वळवायचा आणि सोल्डरची पेस्ट लावलेल्या बोर्डावर नेमका ठेवायचा, एवढंच त्याचं काम.

सांगाडा झाला. आडवी-उभी चाल नीट आहे. वरचा आणि खालचा असे दोन्ही कॅमेरे ओपनपीएनपी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसतात. डोक्यावर नेमा ११ ची पोकळ दांड्याची मोटर बसवली आहे: २८ मिमीचा चौकोन, दांडा ५ मिमी, दांड्याच्या आरपार भोक. हवा मागून ओढायची, पुढे नग उचलणारं नोझल. अडलंय ते दांडा आणि नोझल यांच्या मधल्या तुकड्यापाशी.

११ नोव्हेंबर

सध्याचा होल्डर पीएलए प्लास्टिकचा, प्रिंटरवर काढलेला. मागच्या मे महिन्यात बनवला तेव्हा बरा होता. पण पीएलए साठच्या आसपास मऊ पडतं, आणि आमच्याकडे मेमध्ये सावलीत पंचेचाळीस म्हणजे पत्र्याखाली किती ते सांगायला नको. बाजूने आवळणाऱ्या ग्रब स्क्रूच्या दाबाने भोक अंडाकृती झालंय.

आज डायल (झोल मोजायचं काट्याचं मापयंत्र) लावून मोजला. मोटर हाताने फिरवली तर होल्डरपाशी काटा ०.३५ मिमी झुलतो, नोझलच्या टोकापाशी ०.६० च्या पुढे. मोटरचा उघडा दांडा मोजला तर ०.०१ ते ०.०२. म्हणजे मोटर निर्दोष, सगळं पाप होल्डरचं.

याचा अर्थ काय तो कागदावर काढून बघितला. नोझलचं टोक फिरण्याच्या मध्यापासून ०.३ मिमी बाजूला असेल, तर नग १८० अंशांत वळवल्यावर तो ०.६ मिमी सरकतो. ०८०५ ची रुंदीच सव्वा मिमी. अर्धा नग पॅडच्या, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या जागेच्या, बाहेर.

आईने विचारलं काय बनवून रायला. म्हटलं नोझलचा होल्डर. तिने टेबलावरचं नोझल उचलून बघितलं. "एवढ्याशा नोझलनं कोणतं वावर फवारतं बापा?" आमच्या भागात नोझल म्हणजे पाठीवरच्या पंपाचंच. आठ दिवसांत हेच चौघांनी विचारलं.

१४ नोव्हेंबर

तयार होल्डर मागवता आले असते. ते विशिष्ट कंपनीच्या नोझलसाठी असतात, आणि नोझल घासलं, तुंबलं की दर वेळी पार्सलची वाट. मला असं हवं की नोझलही इथेच बनेल. इंजेक्शनची सुई ही तयार, गुळगुळीत, नेमक्या मापाची नळी आहे आणि ती तालुक्यात मिळते. १८ नंबरची बाहेरून १.२७ मिमी, आतून ०.८४. २० नंबरची ०.९१ आणि ०.६०. २२ नंबरची ०.७२ आणि ०.४१. माझ्या सगळ्या नगांना या तिघी पुरतील.

ओढ पुरेल का? २० नंबरच्या भोकाचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मिमी. पंपाने ५५ किलोपास्कल ओढले तर दीड ग्रॅमच्या आसपास जोर. ०८०५ चा रेझिस्टर पाच मिलिग्रॅमच्या घरात. पुरून उरतं.

ठरलं ते असं. पितळेचा १६ मिमी गज. एका टोकाला मोटरच्या दांड्यासाठी ५ मिमी भोक, दुसऱ्या टोकाला नोझलसाठी ६ मिमी भोक. नोझल म्हणजे ६ मिमी पितळी दांडी, पुढे चिकटवलेली सुई. नोझल पडू नये म्हणून दोन बाजूंनी दोन छर्रे, त्यांच्यावरून बाहेर एक रबरी ओ-रिंग. रिंग छर्रे आत दाबते, छर्रे नोझलच्या खाचेत बसतात. छर्रे सायकलच्या फ्रीव्हीलचे, पाव इंचाच्या निम्मे, म्हणजे ३.१७ मिमी. सायकलवाल्याने मूठभर दिले आणि पैसे घेतले नाहीत.

२० नोव्हेंबर

मतदान. हिंगणघाटचं मार्केट बंद, लेथही बंद. सकाळीच बोट रंगवून आलो आणि दिवसभर ड्रॉइंग काढलं. कागदावर सगळं एका रेषेत येतं.

२२ नोव्हेंबर

हिंगणघाट. लेथवाल्या काकांकडे सीझनमध्ये जाणं म्हणजे लग्नघरात जाऊन चहा मागणं. जिनिंग सुरू झालेत. दुकानाबाहेर माणसाच्या उंचीचे शाफ्ट रांगेने ठेवलेले, दोन जिनिंगची माणसं तासभर बसून. आणि मी खिशातून अंगठ्याएवढ्या तुकड्याचं ड्रॉइंग काढलं.

काकांनी चष्मा वर केला. "हे काय होय? घड्याळाचं काम हाय का बाबू?"

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या हाताखालच्या दादाने करून दिलं. ५ चं ड्रिल एका बाजूने, तुकडा पलटवला, ६ चं ड्रिल दुसऱ्या बाजूने. चाळीस मिनिटांचं काम. तुकडा छान चमकत होता, मी खुशीत परतलो.

२३ नोव्हेंबर

खुशी उतरली. डायलवर होल्डरपाशी ०.१८, पंचवीस मिमी खाली ०.३१. प्लास्टिकपेक्षा अर्धा, पण तरी फेकण्यासारखाच. दोन आकडे वेगळे आहेत, याचा अर्थ भोक नुसतं बाजूला नाही, तिरकंही आहे.

पलटवण्यातच गेलं. तीन जॉचा चक तुकडा मध्यावर धरतो असं आपण मानतो. वीस वर्षं जिनिंगचे शाफ्ट धरलेले जॉ तसं मानत नाहीत. पहिल्या बाजूच्या भोकाचा मध्य आणि पलटवल्यानंतरच्या भोकाचा मध्य यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. शिवाय नुसत्या ड्रिलने पाडलेलं भोक कधी नेमकं पाचचं नसतं. मोजलं तर ५.०९.

४ डिसेंबर

नागपूर. बहिणीकडे काम होतं, तेवढ्यात इतवारीत जाऊन रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) आणले. ५ आणि ६ मिमी, दोन्ही एच-७, म्हणजे भोक फार तर बारा मायक्रॉन मोठं पडेल. सोबत ४.८ आणि ५.८ ची ड्रिलं. रीमर दोन-तीन दशांशच खरवडतो, सगळं भोक पाडायला तो नाही. तीन ओ-रिंगा पण घेतल्या, दुकानदाराला वाटलं गॅसच्या शेगडीसाठी.

येताना बसमध्ये सुचलं. पलटवायचंच कशाला? भोक पायरीचं आहे: पुढे सहा, मागे पाच. मोठं भोक ज्या बाजूने, त्याच बाजूने लहानही पाडता येतं. आधी ४.८ चं ड्रिल आरपार, मग ५.८ चं अठरा मिमी खोल. मग ५ चा रीमर आरपार, मग ६ चा रीमर पायरीपर्यंत. चक एकदा आवळला तो सगळं होईपर्यंत सोडायचाच नाही. दोन्ही भोकं मध्यापासून सरकली तरी सोबत सरकतील.

९ डिसेंबर

हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग पह्यल्याच वेळी काहून नाही सांगतलं? त्या पोट्ट्यानं ड्रॉइंग पाहून केलं." खरं आहे. ड्रॉइंगवर दोन बाजूंनी दोन बाण मीच काढले होते.

आज काका स्वतः उभे राहिले. बघण्यासारखं होतं. आधी फेस मारला, म्हणजे तोंड सपाट केलं, मग सेंटर ड्रिलची नुसती टिकली. ४.८ चं ड्रिल दर पाच मिमीला बाहेर काढून भुसा झटकला. पितळेचा भुसा लोखंडासारखा वेटोळ्यांनी निघत नाही, रव्यासारखा उडतो. रीमर घातला तेव्हा मशीन अगदी हळू केलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि टेलस्टॉकचं, म्हणजे रीमर धरणाऱ्या मागच्या भागाचं, चाक एका बोटाने फिरवलं, एकाच चालीत आत. बाहेर काढतानाही चक पुढेच फिरत ठेवला. उलटा फिरवला की धार जाते, असं दादाला सांगितलं, म्हणजे मलाही. मग त्याच पकडीत बाहेरून सगळी लांबी घासली आणि ओ-रिंगची खाच मारली, खाचेच्या तळाशी व्यास ११ ठेवून. सगळ्यात शेवटी पार्टिंग.

तुकडा सुटण्याआधी डायल आत घालून बघितला. काटा हललाच नाही म्हटलं तरी चालेल.

१० डिसेंबर

छर्र्यांची भोकं घरी पाडली आणि घाण केली. खाचेपाशी भिंत अडीच मिमी, छर्रा ३.१७. ड्रिल ३.२ चं घेतलं आणि आरपार नेलं. नोझल काढल्याबरोबर दोन्ही छर्रे टपकन आत, तिथून टेबलावर, तिथून कापसाच्या ढिगात. टॉर्च घेऊन अर्धा तास. एक सापडला.

बरोबर पद्धत अशी: २.८ चं आरपार, मग ३.२ चं आत चार दशांश राखून थांबवायचं. उरलेल्या ओठावर छर्रा अडतो आणि जेमतेम ०.४४ मिमी आत डोकावतो. तेवढंच हवं. बिघडलेला तुकडा दांड्याच्या बाजूच्या चाचणीसाठी ठेवला, सरळ आहेच तो. चांगला परत करून घ्यावा लागेल.

खाचेची जागाही नीट समजली. छर्रा खाचेच्या वरच्या उताराला टेकला तर नोझल वर ओढलं जातं, खालच्या उताराला टेकला तर बाहेर ढकललं जातं. म्हणून नोझल पूर्ण बसल्यावर खाच छर्र्यापेक्षा दोन दशांश खाली पाहिजे. मी उलटं धरलं होतं.

१७ डिसेंबर

चकमध्ये शून्य दाखवणारा तुकडा मोटरवर चढवला: वर ०.०६, खाली ०.१२. दोन दिवस काकांनाच मनातल्या मनात दोष देत होतो. मग ग्रब स्क्रू सैल केला, तुकडा हाताने दाबून धरला आणि मोजला तर ०.०३. स्क्रू आवळला की पुन्हा ०.०६.

ग्रब स्क्रू एका बाजूने ढकलतो. भोकात दोन शतांशांचा झोल असला तरी तो सगळा एका अंगाला जातो, आणि स्क्रू लांबीच्या मध्यावर नसेल तर तुकडा मान वाकडी करतो. उपाय जुनाच आहे, सायकलच्या सीटखालच्या क्लॅम्पचा. हॅकसॉने दांड्याच्या टोकाला आठ मिमी चीर पाडली, आडवा ३ मिमी स्क्रू टाकला. आता भोकच चहूबाजूंनी दांड्याला मिठी मारतं.

वर ०.०३, खाली ०.०५. तिन्ही वेळा काढून-घालून हेच. आज झोप लागेल. रात्रीची लाइन आहे, बाबा ओलिताला गेलेत, पंपाचा आवाज इथपर्यंत येतोय.

२६ डिसेंबर

काकांनी दुसरा तुकडा केला, या वेळी दोन मागितले होते, त्यांनी तीन दिले. आता नोझल.

मेडिकलवाल्याने २० आणि २२ च्या सुया दिल्या, पण आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. १८ ची जनावरांच्या डॉक्टरांकडून मिळाली, धातूच्या बुडाची, जाड भिंतीची. बोर्ड बघून त्यांनी विचारलं की याने डुक्कर पळतं तर माकड पळेल का. त्यावर माझं अजून काम नाही.

सुईचं तिरकं टोक चकतीने कापलं, मग तेलाच्या दगडावर उभी धरून घासली. उभी धरायला एका लाकडी ठोकळ्यात भोक पाडलं, त्यात घालून घासलं तर टोक काटकोनात सपाट येतं. घासल्यावर आत बारीक कोर राहते, ती सुईने काढता येत नाही कारण हीच सुई आहे. तांब्याच्या वायरीतली एक तार आत-बाहेर केली.

दांडीत २५ मिमी खोल एक मिमीचं भोक पाडायला गेलो तर बिट वाट चुकतं. मागून २.५ मिमीचं भोक सतरा मिमीपर्यंत नेलं आणि पुढचे आठच मिमी बारीक ठेवले. बोर्डाला भोकं पाडायचे कार्बाइड बिट वापरले, ०.८ चे दोन मोडले. ते फार ठिसूळ, लेथच्या टेलस्टॉकमध्ये जरा तिरके लागले की संपले.

सुई स्टेनलेसची, साधं सोल्डर धरत नाही. म्हणून अराल्डाइट. थंडीत ते रात्रभर घट्ट होईना. सकाळी पत्र्यावर उन्हात ठेवलं, तेव्हा कुठे दुपारपर्यंत आवळलं.

४ जानेवारी २०२५

हवा गळते.

पंप १२ व्होल्टचा, पडद्याचा. सुईचं टोक बोटाने बंद केलं तर गेज ४१ दाखवतं, पंपाला थेट लावलं तर ५६. पंधरा कुठेतरी जातात. साबणाचं पाणी इथे कामाचं नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते. उदबत्ती धरून बघितली. धूर चिरीत शिरतोय.

उघडच होतं. चीर पाडली म्हणजे बाहेरच्या हवेला दांड्याच्या कडेकडेने पायरीपर्यंत वाट दिली. ग्रीस भरलं तर ५० वर गेलं, पण ग्रीस ओढलं जाऊन सुईत यायचं, ते नको.

तीन तास मधल्या पायरीकडे बघत बसलो. आतली ओ-रिंग (छर्र्यांच्या बाहेरची नव्हे) पायरीवर बसते, तिच्यावर नोझलचा माथा दाबतो. रिंगचा आतला व्यास ३, बाहेरचा ६, म्हणजे ती टेकते मधोमध साडेचारच्या वर्तुळावर. आणि दांडा आहे पाचचा. मी दांडा पायरीच्या मिमीभर मागे थांबवला होता, म्हणून रिंग पितळेवर टेकत होती आणि दांड्याभोवतीची फट तिच्या आत उघडत होती. दांडा पुढे सरकवून पायरीच्या वर दोन दशांश काढला. आता रिंग थेट दांड्याच्या तोंडावर बसते. एका बाजूला दांडा, दुसऱ्या बाजूला नोझल, मध्ये फक्त रबर. चीर, फट, झोल सगळं रिंगच्या बाहेर पडलं. काही नवीन बनवलं नाही, काही चिकटवलं नाही, फक्त स्क्रू सैल करून आवळला.

५५.

१२ जानेवारी

२२ नंबर दर वीस-पंचवीस नगांनी अडतं. गेज सांगतं नग उचलला, कॅमेऱ्यात सुई रिकामी. बारीक नोझलचं हे दुखणं आधीच असतं: भोक इतकं लहान की उघडं आणि बंद यांतला गेजचा फरकच थोडा. २० ला उघडं १९ आणि नगासकट ५४. २२ ला उघडं ३८ आणि नगासकट ५४. त्यात काही अडकलं की मशीन फसतं.

काय अडकतं ते भिंगाखाली बघितलं. रुई. एकच तंतू, दुमडून भोकात बसलेला, त्याचं उरलेलं शेपूट बाहेर लोंबतंय. डोळ्यांना दिसतही नाही असा, पण लांबी इंचभर. पहिल्या नोंदीत लिहिलंच होतं.

पंप सतत चालू ठेवायचो, त्यामुळे मशीन उभं असतानाही सुई खोलीतली हवा पीत बसायची. आता नग उचलायच्या आधी झडप उघडते आणि ठेवल्यावर लगेच बंद. शिवाय दर दहा नगांनी एक उलटा फुंकर. मशीनला मच्छरदाणीच्या जुन्या कापडाचा पडदा लावला. बाबांना विचारलं कापूस कधी विकायचा. ते म्हणाले तुझ्या मशीनसाठी शंभर रुपये कमी घेऊ का.

१४ जानेवारी

संक्रांत. काकांना तिळगूळ देऊन आलो. सरावासाठी एक तुकडा स्वतः वळवून बघ म्हणाले. ६ मिमीची दांडी ५.९४ केली. काहीच न बोलता त्यांनी ती भंगाराच्या डब्यात टाकली.

१९ जानेवारी

ओपनपीएनपीमध्ये नोझल टिपचं कॅलिब्रेशन आहे. सुई खालच्या कॅमेऱ्यावर नेतात, थोडी थोडी फिरवून दर कोनात फोटो काढतात, आणि टोक ज्या वर्तुळात फिरतं ते वर्तुळ सॉफ्टवेअर बसवून घेतं. पुढे प्रत्येक कोनाला तेवढी चूक वजा करतं. आज चालवलं. २० नंबरचा झोल ०.०५ होता, वजा झाल्यावर कॅमेऱ्याला एका पिक्सेलपेक्षा कमी दिसतो. माझा एक पिक्सेल ०.०२ मिमी.

म्हणजे दोन महिने मी ज्या आकड्यामागे लागलो होतो, तो सॉफ्टवेअर चार मिनिटांत खाऊन टाकतं. जरा वाईट वाटलं.

मग नोझल काढून परत घातलं आणि तेच परत बघितलं. टोक ०.०६ दुसरीकडे. परत: तिसरीकडे. दहा वेळा केलं, दहा ठिकाणी. दांडी गोल, दर वेळी ती वेगळ्या कोनात बसते आणि तिची ती पाच शतांशांची वाकडी मान नव्या दिशेला होते. सॉफ्टवेअरला जुनी दिशा पाठ असते. चूक किती आहे याचं त्याला काही वाटत नाही, ती रोज तिथेच असली पाहिजे. मधे नोझल बदललं की सगळं कॅलिब्रेशन फुकट.

२० जानेवारी

नोझलला १० मिमीची कॉलर होतीच. तिच्यात १.५ मिमीची पिन ठोकली, मोडलेल्या ड्रिलच्या मागच्या दांड्याची. होल्डरच्या ओठाला हॅकसॉने एक खोबण पाडली, कानशीने पिनेपुरती रुंद केली. थोडी सैल झाली होती. पितळेला बाजूने हातोडीची एक टिचकी दिली, खोबण आवळली.

आता नोझल एकाच कोनात बसतं. दहा वेळा काढलं-घातलं: सगळी टोकं ०.०२ च्या आत. तिन्ही नोझलांवर पिन, तिन्ही होल्डरांवर खोबण. खुणेसाठी पिनेच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका, वहिनीकडून.

२ फेब्रुवारी

पहिला पूर्ण बोर्ड. ३४ नग, मधे दोन वेळा नोझल बदललं, हातानेच. आपोआप बदलणारं पुढे बघू. अकरा मिनिटं लागली. दोन नग पडले, दोन्ही रीळ पुढे सरकवताना पट्टीच अडकली म्हणून, नोझलचा दोष नाही. आयसी १८ नंबरने ठेवली, पाय पॅडवर बरोब्बर. चिमट्याने मला पस्तीस मिनिटं लागायची आणि तेव्हा मधे चहा असायचा.

लाइन दोनदा गेली. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी पंप आणि झडपेला जोडून ठेवली आहे, त्यामुळे उचललेला नग तसाच लटकून राहिला. मोटरी मात्र जागा विसरल्या, घर शोधून पुन्हा सुरुवात.

११ फेब्रुवारी

बावीस बोर्ड झाले. हरभऱ्याला उशीर झालाच, लोक ऐकवतात, त्यांचं बरोबर आहे. गव्हाच्या धुऱ्यावर चार जागल्या लागले. आमच्या वावरातल्याने काल रात्री बाबांना बघूनच भोंगा वाजवला.

बावीस बोर्डांनंतर डायल पुन्हा लावला. वर ०.०३, खाली ०.०५, तसंच. आतल्या ओ-रिंगवर नोझलच्या माथ्याचा वळ उमटलाय, उन्हाळ्याआधी बदलावी लागेल. छर्र्यांच्या बाहेरची रिंग कडक वाटतेय, तीही.

उरलेलं: २२ नंबरला अजून पन्नास नगांमागे एकदा रुई लागते. स्प्रिंगचा दाब नाही, त्यामुळे बोर्ड जरा उचललेला असला की सुई टेकते आणि पेस्ट पसरते. होल्डरच्या वर ती जागा ठेवायला हवी होती, लांबी आठ मिमीने वाढवून. काकांकडे जिनिंगची गर्दी एप्रिलपर्यंत. तोवर ड्रॉइंग काढून ठेवतो, या वेळी सगळे बाण एकाच बाजूने.

उद्यापासून दिवसाची लाइन. गव्हाला पाणी.